ताणावरची बाग

मनकर्णेची लेक ललिता उजवली ते साल एकोणीसशे अठ्ठावन्न. मांडवाचे डहाळे अजून पुरते वाळले नव्हते, तोच जानराव आणि श्रावण या दोघा भावांच्या वाटण्या झाल्या. भांडण नव्हतं. भांडणाशिवाय वाटण्या झालेलं बोरखेडीतलं हे पहिलंच घर, असं लोक म्हणत, आणि म्हणताना जरा हिरमुसत.

बोरखेडी म्हणजे चांदूर बाजारच्या सडकेवरून आत वळलेली लहानशी वस्ती. मध्ये पार, पाराभोवती कुणब्यांची घरं, आणि नाल्याच्या पल्याड बुधाजी आणि त्याच्या भावकीची घरं. त्या लोकांनी दोन वर्षांमागं नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. वस्तीला धंदा एकच. काळ्या जमिनीत कापसाची पऱ्हाटी आणि ज्वारी. ज्याच्याजवळ काळी तो कास्तकार, ज्याच्याजवळ नाही तो त्याच्या वावरातला मजूर. पोरगी द्यायला आलेला सोयरा ओसरीवर टेकायच्या आधी वावरात जाई आणि माती मुठीत दाबून पाही. तिचा गोळा झाला की सोयरीक झाली.

वाटणीची रीत अशी होती की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. म्हणजे थोरल्याचा हात वाकडा जात नाही. जानरावनं दोन वाटे पाडले. एक सडकेकडची काळी. दुसरा नाल्याकडची बरड, मुरमाची, चार काकऱ्या गेल्या की नांगराचा फाळ खणखणणारी; तिचा पसारा जास्त आणि विहीर तिच्यातच. विहीर दोघांत सामाईक ठेवायची ठरली. मग पंचांनी श्रावणकडं पाहिलं.

"दादा, तुमीच उचला," श्रावण म्हणाला.

"रीत तशी नाई बापा. तू लहान हायेस, तुवा पह्यलं उचलाव."

"तुमी मले लहानाचा मोठा केला. तुमी उचला."

जानरावनं मान वळवली. दाराच्या चौकटीला त्याची बायको मनकर्णा उभी होती. तिनं पदर सावरला आणि सडकेच्या दिशेला नजर टाकली. एवढंच. जानराव म्हणाला, "मंग मी सडकेकडचं घेतो." संध्याकाळी मनकर्णेनं गूळ घालून सांजा केला आणि सुभद्रेला, आपल्या धाकट्या जावेला, ताटलीभर पाठवला. बरडीच्या धनिणीला गोड तोंडानं निरोप द्यावा, असं तिला वाटलं होतं.

पुढची दोन वर्षं श्रावण आणि बुधाजी उन्हाळ्यात वरूडकडच्या एका बागेत मजुरीला गेले. येताना श्रावणनं बंडीत ओल्या पोत्यात गुंडाळून संत्र्याची कलमं आणली आणि बरडीत खड्डे करून लावली. पारावर महिनाभर दुसरा विषय नव्हता. मनकर्णा विहिरीवर बायकांत म्हणाली, "मुरमात संत्री लागतीन तं माह्या कोठ्यात मी हत्ती बांधीन."

"कोठ्याचं दार मोठं कराव लागीन बाई तुमाले," बुधाजी जाता जाता बोलला. बायका हसल्या. मनकर्णेनंही हसून घेतलं.

सुभद्रा उन्हाळाभर घागरीनं एकेका झाडाला पाणी घाली. तिच्या टाचांना भेगा पडल्या, त्यांत माती भरली. हिवाळ्यात ती मनकर्णेच्या वावरात कापूस वेचायला येई, कारण बाग अजून खाणारी होती, देणारी नव्हती. मनकर्णेला ते दिवस गोड वाटत. वेचणी संपली की बायका कापसानं भरलेल्या ओट्या घेऊन रांगेत बसत. ती सुभद्रेची ओटी मुद्दाम शेवटी घेई. कधी म्हणे, "सुभद्रे, पाला हाय वो याच्यात. निवड पह्यलं." सुभद्रा सगळ्यांसमोर उकिडवी बसून कापसातला पाला वेचून काढी. मग मनकर्णा तिला घरी नेऊन भाकरीवर जास्तीचं तेल आणि ठेचा घाली. आपण फार मायाळू आहोत, असं त्या वेळी तिला मनापासून वाटे.

सुभद्रेला पोर नव्हतं. दोन झाली, दोन्ही बाळंतिणीच्या खोलीतूनच गेली. 

पाच वर्षांनी झाडं फळाला आली. पहिला बहार बेताचाच होता, दुसऱ्याला फांद्यांना टेकू द्यावे लागले. चांदूर बाजारचा बागवान येऊन झाडावरचा सगळा माल घेऊन गेला. बंड्यांत गवत अंथरून संत्री निघाली तेव्हा सगळी बोरखेडी वाटेवर उभी होती. माणसांनी गाडीतून पडलेलं एकेक फळ उचलून हुंगलं. श्रावणनं विहिरीवर इंजिन बसवलं, घरावर टिनं टाकली. इंजिन लावलं त्या दिवशी तो जानरावकडं आला आणि म्हणाला, "दादा, तुमच्या पाळीले तुमीच चालवा. मोट सोडून द्या आता."

यात राग यावा असं काही नव्हतं. पण मनकर्णेला त्या रात्री जेवण गेलं नाही. इंजिन टुकटुक वाजू लागलं की ते तिच्या छातीवर वाजे.

मग लहान लहान गोष्टी सुरू झाल्या. दिवाळीला ललिता माहेरी आली की सडकेवर मोटरीतून उतरून आधी बागेत जाई, तिथून हातात संत्रं सोलत सोलत घरी येई. "आई, काकूनं मले बसूच देलं नाई न खाल्ल्याबिगर." जानराव दुपारी जेवला की बागेत जाऊन झाडाखाली पडे. "तेथी सावली साजरी हाय," म्हणे. घरच्या कडुनिंबाला काय झालं होतं, हे मनकर्णेनं त्याला कधी विचारलं नाही. पण कडुनिंबाखाली खाट टाकणं तिनं बंद केलं. रामराव, नत्थुजी, ज्यांनी श्रावणला वेड्यात काढलं होतं, ते आता त्याला पारावर जागा करून देत आणि विचारत, खड्डा किती खोल, कलम कोणतं. बरडीची किंमत वस्तीत पहिल्यांदा कोणी तरी मोठ्यानं बोललं. आणि जेव्हा जेव्हा ते बोललं जाई, तेव्हा मनकर्णेला ती चौकट, तो पदर आणि आपली ती नजर आठवे. निवड तिची होती. दुसऱ्याच्या माथी मारायलाही जागा नव्हती.

"आपणबी संत्रं लावू," ती नवऱ्याला म्हणाली.

"काळीत?"

"मुरमात येते तं काळीत काहून येनार नाई? काळी का मुरमापेक्षा खाली हाय?"

 काळीपेक्षा चांगलं काही असतं, हे बोरखेडीतल्या कोणत्याच तोंडातून निघालं नसतं. पऱ्हाटीचा सडकेलगतचा तुकडा मोडून जानरावनं कलमं लावली. झाडं अशी वाढली की बघत राहावं. श्रावणच्या झाडांहून उंच, पान हिरवंकाळं, तुपात बुडवल्यासारखं. मनकर्णा सोयऱ्याधायऱ्यांना मुद्दाम तिकडून नेई. पण फूल येईना. पाच वर्षं झाली, सहावं लागलं, झाड नुसतं पान काढी.

संत्र्याची रीत उलटी. त्याला बहार यावा म्हणून आधी उपाशी ठेवावं लागतं. मृगाचा बहार धरायचा तर चैत्र उतरल्यावर पाणी तोडायचं. झाड सोकतं, पानं वळतात, पिवळी होऊन गळतात, मेल्यासारखं दिसतं. याला ताण म्हणतात. मग पाऊस पडला की ते अंगभर फुलतं. जानरावनंही पाणी तोडून पाहिलं. आजूबाजूला रान करपलं तरी त्याची झाडं हिरवीगार. पान हलेना.

श्रावण पाहायला आला. काठीनं माती उकरली, खालची ओल बोटाला लावून पाहिली.

"वयनी," तो म्हणाला, "काळी जमीन मोठी मायाळू. झाडाले उपाशी राहूच देत नाई."

तो सरळ मनानं बोलला. मनकर्णेला वाटलं, हा आपल्याला हिणवतो आहे. ती म्हणाली, "आमच्या घरी कोनाले उपाशी ठेवाची रीतच नाई भाऊजी." आणि आत निघून गेली.

चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात सुभद्रेच्या पोटात गोळा धरला. आधी ती कुणाला बोलली नाही. मग चांदूर बाजारच्या डॉक्टरानं पोट दाबून पाहिलं आणि अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात नेऊन कापून काढायला सांगितलं. फार दिवस थांबू नका म्हणाला. तिकडं खाटेवर राहायचं, श्रावणनं जवळ थांबायचं, औषधपाण्याचं सगळं बघायचं, म्हणजे हातात पैशाचं बळ हवं, आणि दुष्काळाच्या सालांनी गाठीचं सगळं खाल्लं होतं. सुभद्रेनंच ठरवलं, मृगाचा बहार फुलला की बागवान विसार देईल, मग जाऊ. ती हे विहिरीवर धुणं धुताना मनकर्णेला सांगत होती.

"भ्याव वाटते का?" मनकर्णेनं विचारलं.

"वाटते जरासक. पन हे म्हन्तेत, मी तुह्यापाशीच राहीन. भाकर नाई भेटली तं पावरोटी चारीन म्हन्तेत." सुभद्रा हसली आणि पोटावर मूठ दाबून क्षणभर थांबली. "माह्या जन्मात मी अमरावती पाह्यली नाई बाई."

मनकर्णा लुगडं पिळत राहिली. तिच्या अंगातून काय गेलं ते सांगायला लाज वाटावी असं होतं. तिला या आजाराचाच हेवा वाटला. मोटरीनं अमरावतीला जायचं, पांढऱ्या खाटेवर निजायचं, आणि नवऱ्यानं उशाशी बसून पावरोटी चारायची. मनकर्णेला स्वतःला तिसऱ्या दिवशी बाळंतपणातून उठवून चुलीशी बसवलं होतं. जानरावनं तिला जन्मात पाण्याचा तांब्या दिला नव्हता.

त्या साली श्रावणनं बाग चांगली ताणावर सोडली. वस्तीतही हालचाल होती. रामराव, नत्थुजी आणि आणखी तिघांनी आपापल्या बरडीत खड्डे खंदायला बुधाजीला लावलं होतं. हा बहार पाहू आणि पावसात कलमं लावू, असं सगळ्यांचं म्हणणं. बुधाजी आणि त्याचे भाऊ घामानं निथळत मुरूम फोडत. "दोन सालानं या वस्तीत मजूर भेटनार नाई पाहा," तो म्हणे. "जो तो बागाईतदार. मंग मले तुमच्या पंगतीत बसवान का बाहीरच?" नत्थुजी नुसता खाकरे.

वैशाखात शिरजगावला श्रावणच्या साडूच्या पोरीचं लग्न निघालं. सुभद्रा निघताना मनकर्णेकडं आली.

"बाई, बागेकडे जरा नजर ठेवजा. ढोरं शिरतीन. परवा येतो आमी."

"जाय तू. मी हाय नं."

दुसऱ्या दिवशी सकाळी जानरावनं आपल्या झाडांना पाणी द्यायला इंजिन लावलं. ताण बसत नाही तर पाणी तरी द्यावं, असं त्यानं ठरवलं होतं. नेहमीसारखं बारं फिरवायला, म्हणजे एका आळ्यातून दुसऱ्यात पाणी वळवायला, मनकर्णेला लावलं आणि तो जेवायला घरी गेला. जेवल्यावर तो निजणार, हे ठरलेलं होतं.

ऊन असं होतं की नजर टाकली तरी डोळा पोळे. विहिरीपासून निघालेला पाण्याचा दांड श्रावणच्या बागेच्या कडेनं सडकेकडं जाई. मनकर्णा फावडं खांद्यावर टाकून दांडाच्या कडेनं चालली होती. बागेपाशी ती थांबली. झाडं सोकून उभी होती. पानं आत वळून बोटांसारखी झाली होती, खाली पिवळ्या पानांचा सडा. एखाद्याला वाटावं, मरून गेली. पण मनकर्णेला ठाऊक होतं. ही झाडं आता पोटात फूल घेऊन उभी आहेत. पंधरा-वीस दिवसांत पाऊस. मग सगळं शिवार घमघमेल. मग बागवान, मग अमरावती, मग पावरोटी.

एका फावड्याचं काम होतं. तिनं दांडाची पाळ फोडली.

पाणी आधी अडखळलं, मग मुरमातून सुंसुं करत आत शिरलं. भेगांतून मुंग्या वर आल्या. पहिलं आळं भरलं, तिनं दुसरं फोडलं. ओचा खोचून ती ओळीओळीनं पुढं गेली. कित्येक वर्षांत तिचं अंग इतकं हलकं झालं नव्हतं. चांगल्या, डेरेदार झाडांची आळी तिनं काठोकाठ भरली. तिकडं इंजिन टुकटुक करत होतं आणि आज ते तिचं काम करत होतं. उन्हं कलली तेव्हा तिनं पाळ पुन्हा लिंपली, पाय धुतले आणि उरलेलं पाणी काळीकडं सोडलं.

श्रावण आणि सुभद्रा आले तेव्हा आळी वरून वाळली होती, पण काळसर डाग दुरून दिसत होते. सुभद्रा बांधावरच बसली. श्रावण एका झाडाजवळ गेला, माती मुठीत घेऊन पाहिली. मुठीत गोळा झाला.

बघता बघता माणसं जमली. मनकर्णेनं शब्द आधीच घोळवून ठेवले होते. "झाडं मरून राह्यली होती," ती म्हणाली. "माह्याच्यानं पाहवलं नाई. म्या देलं पानी."

"वयनी, तानावर सोडलेलं झाड मरत नसते वो," रामराव कपाळाला हात लावून म्हणाला.

"बाईचा जीव, कळवळला असन. तिले का समजते?" नत्थुजी म्हणाला आणि दोघंतिघं हसले. बुधाजी हसला नाही. तो मनकर्णेच्या पायांकडं बघत होता.

जानराव पुढं आला. "अवं, तुले अक्कल हाय का नाई? भैताड आहेस का?" त्यानं हात उगारला. श्रावणनं तो धरला.

"राहू द्या दादा. दयेपोटी झालं."

माणसं पांगली. मनकर्णा घागर भरायला विहिरीवर गेली तेव्हा श्रावण मागून आला. तो तिच्याकडं न बघता बोलला.

"वयनी, त्या कोपऱ्यातली तीन झाडं खरोखर मरून राह्यली हायेत. किडीनं. त्याइले थेंबभर पानी नाई भेटलं तुमचं."

तो निघून गेला. घागर विहिरीत भरून बुडाली तरी ती दोर धरून उभीच होती. त्यानं हे कुणालाच सांगितलं नाही. ती वाट पाहत होती, पण ते पारावर कधीच आलं नाही. उलट वस्तीतल्या बायका तिला म्हणत, "मनकर्णाबाईचं मन लोण्याचं, पन उलटं झालं बिचारीचं."

मृग आला, पाऊस पडला. श्रावणच्या बागेत लुसलुशीत पालवी फुटली. नुसती पालवी. जानरावच्या झाडांसारखी दिसू लागली ती झाडं. बागवान आला, छत्री मिटून दोन ओळी फिरला, चहा घेतला आणि पुढच्या गावी गेला. विसार नाही, म्हणून अमरावतीही राहिली.

त्याच्या मागोमाग वस्तीची उमेदही गेली. एक पाणी इकडं तिकडं झालं की सालभराचं गेलं, असलं नाजूक पीक आपल्याला नको, असं रामराव म्हणाला. बाकीच्यांनी माना हलवल्या. खड्डे बुजवून तिथं तूर टाकायचं ठरलं. बुधाजी पुन्हा फावडं घेऊन आला. मनकर्णेच्या दारावरून जाताना थांबला.

"बाई, खंदलेले खड्डे बुजवाले लावलं मले. खंदाची एक मजुरी, बुजवाची एक मजुरी. माहं का जाते?"

"मंग बरंच हाय नं," मनकर्णा म्हणाली.

"हो, बरंच हाय. याच्यानंतर मातर काम नाई. चिखलदऱ्याले चाललो कॉफीच्या मळ्यात. बायकापोरं घेऊन." त्यानं फावडं खांद्यावर घेतलं. तिला वाटलं, हा आता बोलेल. "इंजिनचा आवाज गंज दूर जाते बाई. आमच्या घरापर्यंत येते. त्या दिवशी नाल्यावरून पाह्यलं मी, आळी भरताना तुमी गानं म्हनून राह्यल्या होत्या," तो म्हणाला आणि निघाला.

आपण गाणं म्हटलं होतं, हे तिला आठवत नव्हतं.

दिवाळीनंतर कापूस फुटला. पहिल्या वेचणीला सुभद्रा ओटी बांधून मनकर्णेच्या वावरात उभी राहिली. कुणी बोलावलं नव्हतं. मनकर्णेला जे हवं होतं ते पुन्हा झालं होतं: बरडीची धनीण तिच्या काळीत, दवात लुगडं भिजवत, बोंडं वेचत होती. पण चव लागेना. सुभद्रा दहा पावलं जाई आणि पोटात मूठ घालून खाली बसे. मग शेजारच्या ओळीतली बाई तिची ओळ वेचून पुढं आणून ठेवी. न्याहारीला बायका तिच्यासाठी ताक आणत. सगळ्या मिळून तिच्याभोवती बसत, आणि मालकीण बांधावर एकटी. हिला दुखणंसुद्धा कसं फळतं, असं मनकर्णेच्या मनात येई.

"घरी जाय सुभद्रे," ती एकदा म्हणाली. "तुह्या वाट्याची मजुरी देतो मी."

"ओळ पुरी करतो बाई."

"पाला निवडू नोको. असूदे."

"तुमाले पाला चालत नाई नं," सुभद्रा म्हणाली आणि निवडत राहिली.

मार्गशीर्षात ती ओळीतच आडवी झाली. जानरावनं बैल जुंपले, बंडीत तिला घालून सडकेवर नेलं आणि मोटरीत बसवून स्वतः भावाबरोबर अमरावतीला गेला. आठवड्यानं ते परतले. डॉक्टरांनी पोट उघडलं आणि तसंच शिवून टाकलं. उन्हाळ्यात आणली असती तर बघितलं असतं, म्हणाले. हे जानरावनं ओसरीवर बसून सांगितलं. पागोटं मांडीवर ठेवून तो रडला. मनकर्णेनं त्याला पूर्वी रडताना पाहिलं नव्हतं, त्याच्या आईसाठीही नाही.

सुभद्रेनं घरात राहायचं नाकारलं. बागेतल्या झोपडीत तिची खाट टाकली. मृगाचा बहार गेला म्हणून श्रावणनं आता आंबिया बहारासाठी पुन्हा ताण दिला होता. थंडीत झाडं पानं गाळत उभी होती. मनकर्णा रोज पेज घेऊन जाई, तिला अंघोळ घाली, केस विंचरी. वस्ती म्हणे, जाऊ असावी तर अशी. एकदा दुपारी पेज चारताना सुभद्रेनं तोंड वळवलं.

"बाई, तुमी त्या दिवशी पानी दयेनं नाई देलं."

मनकर्णेनं चमचा वाटीत ठेवला. "भाऊजीनं सांगतलं?"

"त्याइनं नाई. मले आल्या आल्याच समजलं. दया येनारं मानूस पह्यलं माह्यापाशी आलं असतं, झाडापाशी नाई."

 एक पान गळून खाटेवर पडलं.

"मंग लोकाइले काहून नाई सांगतलं?" मनकर्णेनं शेवटी विचारलं.

"सांगून का फूल येनार होतं?" सुभद्रेनं ओठ ओले केले. "अन् मीबी का साजरी हावो? मी तुमच्यावर जळत होतो. जन्मभर. ललिता मोटरीतून उतरली का मी तिले सडकेवरूनच बागेत ओढून आनो. वाटे, तिनं पह्यलं माह्याच हातचं खाव. तुमी घरी तिची वाट पाहून राह्यल्या असान, हे माईत होतं मले. माईत होतं म्हनूनच आनो."

 आपल्यावर कुणी जळण्यासारखं आपल्याजवळ काही होतं, हे मनकर्णेला सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा कळत होतं.  तिनं चमचा पुन्हा भरला.

"खा," ती म्हणाली. "थंडी होऊन राह्यली पेज."

सुभद्रेनं दोन घास खाल्ले.

पौष सरता सरता श्रावणनं पाणी सोडलं. या वेळी दांडावर जानराव स्वतः बसून होता, दुपारी निजला नाही. माघात बाग फुलली. पांढरी, अंगभर, पानं दिसू नयेत अशी. वास नाला ओलांडून बुधाजीच्या बंद घरापर्यंत गेला, पारावर गेला, सडकेवरून जाणाऱ्या बंड्या थांबू लागल्या. रामराव येऊन एका झाडापाशी उभा राहिला आणि आपल्या तुरीच्या वावराकडं बघत गेला. सुभद्रेला उशी देऊन बसवलं की ती फुलं बघे. मग तेही बंद झालं.

ती गेली तेव्हा आजूबाजूच्या चार गावांची माणसं आली. नवऱ्याच्या मांडीवर डोकं ठेवून, कपाळावर कुंकू घेऊन गेलेली बाई. तिला हिरवं लुगडं नेसवलं, हातभर चुडा भरला, ओटी भरली. बायका तिच्या पायांवर डोकं टेकवून म्हणत होत्या, नशीबवान व्हय माय. ललिता सासरहून आली ती दारातच कोसळली आणि "काकू, काकू" करत रडली. बुधाजी चिखलदऱ्याहून आला होता, बांधावर डोक्यावरचं काढून उभा होता.

मनकर्णेच्या हातात हळदीकुंकवाचं ताट होतं. तिनं सुभद्रेच्या पायांना हळद लावली. टाचांच्या भेगांत अजून मुरूम होता. धुऊनही निघाला नव्हता. आणि तेवढ्यातच, त्या पायांना हात लावून बसली असतानाच, तिच्या मनात आलं की आपल्यासाठी एवढं कोण रडेल. तो विचार तिनं लगेच ओळखला. तो जुनाच होता. ती तशीच बसून राहिली, हळद लावत, एका पायाला दोनदा.

शेवटी जानरावनं तिच्या हातातून ताट घेतलं आणि म्हणाला, "उठ. नेऊ दे आता तिले."

सुभद्रा श्रावण वारली ती एकोणीसशे पंचाहत्तर साली, माघातल्या एका सोमवारी सकाळी, बागेतल्या झोपडीत. तिला चाळिसावं पुरं व्हायचं होतं.